अकस्मात मृत्यूच्या नोंदीपलीकडे

पुणे-नगर रस्त्यावरचे रांजणगाव आज महागणपती आणि औद्योगिक वसाहत या दोन गोष्टींमुळे ओळखले जाते. याच शिरूर तालुक्यातले करडे हे गाव मात्र इतिहासात आले ते कर्जापायी. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर कर्जदार देशमुखांचे घर पाडायला घेतले आणि गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला. जमावाचा राग सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्याकडच्या कर्जरोख्यांवर होता. ठिकठिकाणी रोखे जाळले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, वाढलेला शेतसारा, सावकाराच्या बाजूला झुकलेली न्यायालये अशा कारणांची चर्चा झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्याचा कायदा आला. तो अपुरा होता. पण कर्जबाजारीपणा हा एकट्या कुणब्याचा दोष नसून सार्वजनिक प्रश्न आहे, एवढे सरकारदरबारी मान्य झाले.

या तालुक्याचा इतिहास वाचताना मला एक विसंगती सतत खटकते. त्याच राजवटीच्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ होते. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत होती. म्हणजे कर्ज हा समाजाचा प्रश्न ठरला, पण जगणे असह्य होणे हा व्यक्तीचा गुन्हाच राहिला. एमिल द्यूर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच आत्महत्येची मुळे समाजाच्या घडणीत शोधली होती. आपण मात्र ती पोलिसांच्या कागदांतच ठेवली. आपल्या शब्दातही ‘हत्या’ आहेच. शिक्षेची भीती आणि लोकलाज यांमुळे घरचे लोक ‘चुकून झाले’ असे सांगत राहिले, आणि वाचलेल्या माणसाला ज्या वेळी आधार हवा, नेमके त्याच वेळी त्याला जबाब द्यावा लागला.

हे कलम हटवण्याच्या लढ्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबई पोलिस दलातल्या, मानसिक आजाराने ग्रासलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात न्या. पी. बी. सावंत यांनी १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तशीच भूमिका घेतली, पण १९९६ मध्ये घटनापीठाने ती फिरवली. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी असावी, असे तो सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम राहिले नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला.

कायदा बदलला, तरी आकडे अजून पोलिसांच्या नोंदींतूनच येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. आपल्याकडे चर्चा होते ती शेतकऱ्यांची, आणि ती व्हायलाच हवी. पण देशातल्या या मृतांमध्ये चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर जगणारे होते. हा आकडा रांजणगावने लक्षात ठेवावा. गाव सोडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराची विचारपूस करायला ना भावकी असते, ना शेजार.

रोग म्हणून पाहिले तर प्रतिबंधही करता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. गरज पडेल तिथे डॉक्टर होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, तर आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नसल्याने सारे श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. पण दिशा दिसते. श्रीलंकेचा अनुभव आणखी ठळक आहे. तिथे १९९५ च्या सुमारास आत्महत्येचा दर जगातल्या सर्वाधिक दरांपैकी होता. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दोन दशकांत तो सुमारे ७० टक्क्यांनी घटला. असह्य वाटणारा क्षण बहुधा ओसरतो. त्या क्षणी घातक वस्तू हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात.

त्यामुळे काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे आहे, कृषी खात्याचे आहे, कारखान्याचे आहे आणि शेजाऱ्याचेही आहे. ‘जीव नकोसा झालाय का?’ असे थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात नव्याने पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही उपलब्ध आहे. १८७५ मध्ये या मुलखाने कर्जाचे कारण माणसाच्या नशिबाबाहेर शोधायला सरकारला भाग पाडले. मरणाच्या बाबतीतही तोच आग्रह आता धरायला हवा : अकस्मात मृत्यूची नोंद करून कागद बंद होऊ नये, त्याची एक प्रत आरोग्य खात्याकडे जावी आणि तिथून पुढे काम सुरू व्हावे.