भाजक लहान, भागाकार मोठा

'भागले की संख्या कमी होते' ही समजूत पूर्ण संख्यांचा भागाकार शिकतानाच मुलांच्या मनात बसते. पुढे 6 ÷ ¼ याचे उत्तर 24 आले की ती गोंधळतात. 'भाजक उलटा करून गुणा' या नियमाने उत्तर मिळते, पण शंका फिटत नाही.

नियम मात्र फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताच्या इ.स. 628 मधील ग्रंथात तो आढळतो. भास्कराचार्यांनीही शके 1072, म्हणजे इ.स. 1150 मध्ये रचलेल्या 'लीलावती'त तो दिला : भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करावी आणि मग गुणाकाराची रीत वापरावी.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जुन्या मराठी शाळांत त्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. बाजारात शेर-मणाची मापे होती. चाळीस शेरांच्या मणात पावशेर किती, तर 160. इथे 40 ला ¼ ने भागलेच आहे. एका शेरात चार पावशेर, म्हणून चारने गुणायचे. उलटा करण्याच्या नियमामागचे कारण एवढेच आहे.

1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पुढे किलोग्रॅमही आला आणि पावाची जागा 0.25 ने घेतली. संख्या तीच, पण दशांशचिन्हामुळे मुलांना ती परकी वाटते. 6 ÷ 0.25 करताना भाज्य व भाजक दोन्ही 100 पट केले, तर 600 ÷ 25 म्हणजे 24. सहा रुपयांचे 600 पैसे करून त्यात 25 पैशांच्या पावल्या मोजाव्यात, तसेच हे आहे. पावली 2011 साली चलनातून गेली. हिशेब तोच राहिला.

या विचाराचे टोक विदर्भातून काशीला गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी गाठले. जहांगीराच्या काळातील या गणितज्ञाने भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर टीका लिहिली. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले होते. त्याचे स्पष्टीकरण कृष्ण दैवज्ञ असे करतात : भाजक जसजसा घटतो, तसतसा भागाकार वाढतो. भाजक घटण्याची परिसीमा झाली, तर भागाकार वाढण्याचीही परिसीमा होते; आणि तो 'इतका' असे सांगता आले, तर त्याहून मोठा संभवतो, म्हणून तो अनंत. आजचे गणित शून्याने भागणे मान्य करीत नाही. भाजक शून्याजवळ जात असता भागाकार अमर्याद वाढतो, असे म्हणते. पण कृष्ण दैवज्ञांचे निरीक्षण अचूक आहे.

वर्गात कोल्हापुरी गुळाचा 30 किलोचा रवा घ्यावा. त्याचे 2 किलोचे तुकडे 15 होतात, दीड किलोचे 20, एक किलोचे 30, अर्ध्या किलोचे 60, पाव किलोचे 120, तर 0.1 किलोचे 300. दीड हाही अपूर्णांकच, तरी 20 ही संख्या 30 पेक्षा लहान आहे. म्हणजे भाजक अपूर्णांक आहे की नाही हा प्रश्न नाही. तो 1 पेक्षा मोठा की लहान, हे पाहायचे. उत्तर काढण्यापूर्वी मुलांना हा प्रश्न विचारला, तर दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलेले त्यांचे त्यांनाच कळेल.