वाढदिवसाचे खेळ (मुळशी तालुका)

लहान मुलाच्या वाढदिवसाला जमलेल्या मुलांनी घरात, अंगणात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये खेळायचे, फारसे साहित्य न लागणारे खेळ. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात दोन जातींचे खेळ आज एकाच संध्याकाळी भेटतात. मामाचं पत्र हरवलं, आंधळी कोशिंबीर, लपंडाव हे अंगणातले जुने खेळ एका बाजूला. संगीत खुर्ची, पार्सल, लिंबू-चमचा हे शाळेच्या आणि शहराच्या वाटेने आलेले खेळ दुसऱ्या बाजूला. पहिल्या जातीत चुकणाऱ्यावर राज्य येते, दुसऱ्या जातीत चुकणारा बाद होतो. वाढदिवस रंगतो की कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या पोराच्या रडण्याने विस्कटतो, हे पुष्कळदा या एका फरकावर ठरते. म्हणून या नोंदीतही खेळांची मांडणी तशीच केली आहे.

पूर्वीचा वाढदिवस

तालुक्याच्या जुन्या पिढीत वाढदिवस हा पाहुणे बोलावण्याचा प्रसंग नव्हता. आज आजी-आजोबा असलेल्या अनेकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती अंदाजाने लिहिली. १ जून म्हणजे भाताच्या रोपांची तयारी करून पावसाकडे डोळे लावण्याचे दिवस, तेव्हा त्या तारखेला कुणी कुणाला ओवाळत बसले नाही. ज्या घरात तिथी लक्षात असे तिथे पाट, रांगोळी, औक्षण आणि वाटीभर शिरा एवढ्यावर दिवस साजरा होई.

मुलांचा खरा जमाव होई तो बोरन्हाणाला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा ओततात. भोवतीची मुले ते वेचायला झेपावतात. एक मूल मधोमध, बाकीची भोवती, आणि खाऊची लूट : आजच्या वाढदिवसाचा सगळा आराखडा बोरन्हाणात आधीपासून होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खेळांचे म्हणाल तर ते याहून जुने. मुळशीपासून फार लांब नसलेल्या देहूच्या तुकोबांच्या गाथेत हमामा, हुंबरी, फुगडी, चेंडूफळी यांच्यावर अभंग आहेत.

आता पूर्वेकडे हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव इथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि वाढदिवस क्लबहाउसमध्ये होतात. पश्चिमेला कोळवण, माले, ताम्हिणीकडच्या गावांत ते पडवीत आणि अंगणात होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाच्या वेळी मुलाला पुढे बोलावून टाळ्या वाजवतात, आणि ते मूल वर्गभर चॉकलेटे वाटते. दोन्हीकडची मुले एकमेकांच्या घरी जातात, त्यामुळे खेळही ये-जा करतात.

खेळांची भाषा

जुन्या खेळांना लेखी नियम नव्हते, पण शब्द फार नेमके होते, आणि वाढदिवस चालवणाऱ्या मोठ्या माणसाने ते पुन्हा वापरायला हवेत. राज्य कुणावर हे ठरवायला मुले चकतात : तिघे हात हातावर ठेवून एकदम पालथे किंवा उताणे करतात, वेगळा पडेल तो सुटतो. राज्य ज्याच्यावर असते तो खेळाच्या मधोमध असतो, बाहेर नव्हे. बूट निघाला, तहान लागली, आई हाक मारते आहे, अशा वेळी मुठीला ओठ लावून 'टाइमप्लीज' म्हटले की पकडणाऱ्याला थांबावेच लागते. ज्याला हरणे सोसत नाही त्याचा तो रडीचा डाव.

या सगळ्यांत थोर शब्द म्हणजे कच्चा लिंबू. मोठ्यांच्या खेळात हट्टाने शिरलेले तीन-चार वर्षांचे भावंड खेळते, पळते, ओरडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बादही होत नाही. त्याला कुणी हे सांगत नाही. बाकीच्यांना ठाऊक असते. वाढदिवसाला दोन वर्षांच्या चुलत बहिणीपासून बारा वर्षांच्या शेजाऱ्यापर्यंत सगळे एका खोलीत येतात. त्यांना एकत्र खेळवायची सोय मराठी मुलांनी स्वतःच, कुणी न शिकवता करून ठेवली आहे. खेळ सुरू करण्याआधी 'आज कच्चे लिंबू कोण?' एवढे मोठ्या मुलांच्या कानात सांगितले की ती पोक्तपणे लहानांना सांभाळतात.

राज्याचे खेळ

*मामाचं पत्र हरवलं.* मुले गोल करून, तोंडे आत करून बसतात. राज्य असलेले मूल रुमाल घेऊन पाठीमागून धावते आणि कुणाच्या तरी मागे तो हळूच टाकते. ज्याच्या मागे रुमाल पडला त्याने तो उचलून पाठलाग करायचा. पहिला त्या रिकाम्या जागी आधी बसला तर दुसऱ्यावर राज्य. उत्तर भारतात हाच खेळ कोडा जमालशाही, पंजाबात कोटला छपाकी, आणि जपानात रुमाल टाकणे याच अर्थाच्या नावाने खेळतात. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी वाढदिवसाची सुरुवात करायला याहून चांगला खेळ नाही, कारण अनोळखी मुलांना एकमेकांची नावे कळायच्या आत पाठी ओळखीच्या होतात. टाइल्सवर मात्र मोजे काढायला लावावेत.

*आंधळी कोशिंबीर.* डोळे ओढणीने बांधावेत. रुमाल सुटतो आणि चिमटा बसतो. पकडलेल्या मुलाला चाचपून ओळखायचे हा खेळाचा खरा गाभा, पळापळ दुय्यम. टीपॉय, समई आणि केकचे टेबल आधी हलवावे.

*तळ्यात-मळ्यात आणि शिवाजी म्हणतो* हे हुकमाचे खेळ. पहिल्यात खडूच्या रेघेच्या अलीकडे मळा, पलीकडे तळे, आणि हुकूम येईल तशी उडी. मुळशीत या नावाला एक वेगळी सावली आहे. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणात इथल्या बावन्न गावांची भातखाचरे जाणार होती. ती वाचवण्यासाठी १९२१ साली रामनवमीला, १६ एप्रिलला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. लढा हरला, आणि जिथे शेत होते तिथे खरोखरच तळे झाले. मुलांना उडी मारताना हे सांगायची गरज नाही, पण धरणाकाठच्या गावात हा खेळ घेताना मोठ्या माणसाच्या मनात ते आल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या खेळात 'शिवाजी म्हणतो' हे शब्द आधी आले तरच हुकूम पाळायचा, नुसताच हुकूम आला तर स्तब्ध राहायचे. एकेरी उल्लेख खटकत असेल तर 'राजे म्हणतात' म्हणावे. पौड खोरे बारा मावळांपैकी एक असल्याने हुकूमही इथले देता येतात : राजे म्हणतात गड चढा, राजे म्हणतात ढाल धरा, घोड्यावर बसा! तिसऱ्याला निम्मी मुले बसतात आणि खोली हसण्याने भरून जाते. इंग्रजी रीतीत चुकलेला बाद होतो. इथे चुकलेल्याला पुढचे तीन हुकूम द्यायला पुढे बोलवावे. पाहता पाहता मुले मुद्दाम चुकू लागतात.

बादचे खेळ

*संगीत खुर्ची.* मुलांपेक्षा एक खुर्ची कमी, गाणे थांबले की बसायचे, उभा राहील तो बाद. जर्मनीत याला 'जेरुसलेमची यात्रा' म्हणतात. हा खेळ सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कठोर. बारा मुले असतील तर अकरा फेऱ्या होतात. एका फेरीला दीड मिनिट धरले तर पहिल्याच फेरीत बाद झालेले मूल पंधरा मिनिटे भिंतीला टेकून बसते. आणि बहुधा ते सर्वांत लहान किंवा सर्वांत लाजाळू असते. दर फेरीला दोन-दोन मुले बाद होतील अशा खुर्च्या काढल्या तर सहा फेऱ्यांत खेळ संपतो, आणि बाद झालेल्याकडे गाणे थांबवायचे काम दिले तर त्याचा चेहरा लगेच उजळतो. याहून चांगली रीत अशी : खुर्ची कमी करायची, मूल कमी करायचे नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मांडीवर मांडी टाकून मावायचे. शेवटच्या दोन खुर्च्यांवरचा तो ढिगारा मोडेल तेव्हा खाली सतरंजी असावी. खुर्च्या नसतील तिथे गोणपाटाचे तुकडे किंवा वर्तमानपत्राची पाने चालतात, आणि वीज गेली तर ताट-चमचा वाजवून भागते.

*लिंबू-चमचा.* सोपा दिसतो, पण जमून यायला साहित्य नीट निवडावे लागते. लिंबू लहान, गोल आणि घट्ट सालीचे हवे. टोकाला फुगीर असलेले लिंबू चमच्यात फिरते आणि ठेच नसतानाही पडते. चमचा उथळ नको, पोह्यांचा खोलगट हवा. दांडी दातांत धरली की लाळ सुटते, म्हणून प्रत्येकाचा चमचा वेगळा आणि नाव लिहिलेला. सारवलेल्या अंगणात पडलेले लिंबू जिथल्या तिथे थांबते, फरशीवर ते थेट सोफ्याखाली जाते आणि शर्यत तिथेच संपते. म्हणून हॉलमध्ये अंतर आठ-दहा पावले ठेवावे, आणि लिंबू पडले तर बाद न करता तिथूनच पुन्हा उचलून चालायला सांगावे. सहा वर्षांच्या आतल्यांना चमचा हातात धरू द्यावा.

*पार्सल.* गाणे चालू असेतो वस्तू हातोहात फिरते. गाणे थांबले की ज्याच्या हाती असेल त्याची पाळी. याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत चिठ्ठी उचलून काहीतरी करून दाखवायचे : कोंबडा आरवा, एसटीच्या कंडक्टरसारखे तिकीट फाडा, आजी चष्मा शोधते तसे करा. चिठ्ठ्या घरच्यांनी आदल्या रात्री लिहाव्यात आणि कुणाच्या उंचीवर, रंगावर, बोबडेपणावर एकही नसावी. दुसऱ्या तऱ्हेत पार्सलला वेष्टनांचे थर असतात. सर्वांत आत कंपासपेटी किंवा चेंडू, त्यावर वर्तमानपत्राचा एकेक कागद, प्रत्येक थरात एक चॉकलेट. बारा मुलांना बारा थर. चिकटपट्टी प्रत्येक थराला एकच बोटभर लावावी. जास्त लावली तर पाच वर्षांच्या बोटांना ते फाडता येत नाही आणि सगळे 'मी देतो, मी देतो' म्हणत त्याच्या अंगावर येतात. गाणे थांबवणाऱ्याने पाठ करून बसायचा नियम आहे. लहानांच्या वाढदिवसाला तो मोडावा : तिरक्या डोळ्याने पाहत, प्रत्येकाच्या हाती एकदा तरी पार्सल थांबेल असे करावे. या लबाडीत काही पाप नाही.

पावसाळ्यातले बैठे खेळ

जून ते सप्टेंबर ताम्हिणीच्या बाजूला पाऊस कोसळतो तेव्हा अंगण मिटते आणि वीजही बेभरवशाची होते. त्या दिवसांत जन्मलेल्या मुलांचे वाढदिवस पडवीत बसून साजरे होतात. कानगोष्टी सर्वांत सोपा : पहिल्याने कानात सांगितलेले वाक्य शेवटच्याने मोठ्याने म्हणायचे. चोर-शिपाईला चार चिठ्ठ्या पुरतात, राजा, प्रधान, शिपाई, चोर. शिपायाने चोर ओळखायचा, आणि गुण घरोघरी वेगळे असल्याने आधी ठरवून घ्यावेत. आठ वर्षांपुढच्या मुलांना ताटातल्या वस्तू हा खेळ फार आवडतो. पंधरा वस्तू ताटात मांडून एक मिनिट दाखवायच्या, मग ताट झाकून आठवतील तेवढ्या लिहायला लावायच्या. किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' या कादंबरीत असा खेळ आहे. तिथून बेडन-पॉवेल यांनी तो बालवीरांना दिला. वस्तू घरातल्याच असाव्यात : सांडशी, जायफळ, गाळणी, भोवऱ्याची जाळी, करंडा, विळीचे झाकण, पणती. हिंजवडीतल्या मुलांना यातल्या निम्म्यांची नावे विचारावी लागतात, आणि मग आजीला बोलावले जाते. तिथे खेळ थांबला तरी थांबू द्यावा.

जागा आणि काळजी

धरणाकाठच्या रिसॉर्टमध्ये व फार्महाउसवर लपंडाव खेळवताना हद्द आधी चालून दाखवावी. विहीर, पोहण्याचा तलाव, उभ्या गाड्या आणि गोठा हद्दीबाहेर. दारापाशी एक भोज्या. आणि दर डावानंतर मोजणी. फुटलेल्या फुग्याचे तुकडे तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकू शकतात, ते तिथल्या तिथे उचलावेत. खेळ जेवणाआधी, पळापळीचे आधी आणि बैठे नंतर. पाऊण तासाहून जास्त वेळ खेळवू नये.

मोठा फुगा

खोलीच्या मधोमध टांगलेला, चॉकलेट-गोळ्या आणि चमकी भरलेला मोठा फुगा फोडून बहुतेक वाढदिवस संपतात. फुगा फुटताच मोठी मुले झेपावतात आणि लहानांच्या बोटांवर पाय पडतात. बोरन्हाणाची बैठक इथे उपयोगी पडते. सगळ्यांना फुग्याखाली गोल बसवावे, प्रत्येकाच्या हाती एक वाटी द्यावी, आणि टाचणी वाढदिवसाच्या मुलाच्या हाती. फुगा फुटला की आधी कच्च्या लिंबांनी वेचायचे. त्यांच्या वाट्या भरल्या की मोठ्यांनी.