शुद्धिहरणपूर्व तपासणी व सिद्धता, पशूंची

शुद्धिहरणपूर्व तपासणी व सिद्धता, पशूंची : शस्त्रक्रियेसाठी किंवा वेदनादायक उपचारासाठी पशूची शुद्ध हरपविण्यापूर्वी त्याची प्रकृती तपासून तो शुद्धिहरण कितपत सहन करील याचा अंदाज घेणे आणि उपास, शामक औषधे, द्रव पदार्थ इ. उपायांनी त्याला त्यासाठी तयार करणे, यांचा या विषयात अंतर्भाव होतो. शुद्धिहारक द्रव्यांच्या शोधाचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. त्या मानाने या पूर्वतयारीचा इतिहास उपेक्षित राहिला. वास्तविक तेच औषध व तीच मात्रा एका पशूला मानवते आणि दुसऱ्याचा प्राण घेते, याचे कारण पुष्कळदा पूर्वतयारीतच सापडते.

पशूंवरील शुद्धिहरणाचे प्रयोग मानवी शस्त्रक्रियेतील वापराच्या आधीचे आहेत. पॅरासेल्सस यांनी सोळाव्या शतकात ईथर कोंबड्यांना चारले असता त्या झोपी जाऊन काही वेळाने सुखरूप जाग्या झाल्याचे नमूद केले आहे. लंडन येथे १८१४ मध्ये एका गाढवीला क्युरारे हे विष टोचण्यात आले व तिचा श्वास थांबल्यावर श्वासनालाला छेद देऊन भात्याने फुप्फुसांत हवा भरण्यात आली. ती वाचली व पुढे पंचवीस वर्षे जगली. हेन्री हिल हिकमन यांनी १८२४ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइडाने बेशुद्ध केलेल्या प्राण्यांवर शस्त्रक्रिया केल्या. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथराचे जाहीर प्रात्यक्षिक झाल्यावर लगेच पुढील वर्षी एडवर्ड मेह्यू या ब्रिटिश पशुवैद्यांनी कुत्र्यामांजरांवर ते वापरून पाहिले. परंतु प्राण्यांचे ओरडणे ऐकून त्यांचे मत प्रतिकूल झाले. हे ओरडणे वेदनेचे की केवळ शुद्ध हरपताना होणाऱ्या उत्तेजनाचे, हे सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते.

१८४७ मध्ये क्लोरोफॉर्म प्रचारात आले आणि पशुवैद्यांनी, विशेषतः घोड्यांच्या वैद्यांनी, ते उचलून धरले. त्या काळी ‘तयारी’ म्हणजे मुख्यतः बळाचा वापर होता. घोड्याला पायबंद घालून आडवे पाडीत व तोबऱ्यासारख्या पिशवीत क्लोरोफॉर्माने भिजविलेला स्पंज ठेवून ती तोंडावर बांधीत. भ्यालेला घोडा धडपडे. या धडपडीत स्वतःच्याच स्नायूंच्या ताणाने त्याच्या पाठीचे मणके मोडण्याचे प्रसंग घडत. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये घोड्याच्या नीलेत क्लोरल हायड्रेट देण्यात आले. पुढे अनेक दशके हे औषध घोड्यांच्या बाबतीत वापरात राहिले.

क्लोरोफॉर्माने येणाऱ्या आकस्मिक मृत्यूचा प्रश्न भारतात हैदराबाद येथे तपासला गेला. तेथील शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये पहिला व १८८९ मध्ये दुसरा ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ नेमण्यात आला. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने द्रव्यसाहाय्य केले व इंग्लंडहून टॉमस लॉडर ब्रंटन आले. कुत्री, माकडे इ. शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन असा निष्कर्ष काढण्यात आला, की आधी श्वसन थांबते, हृदय नंतर. म्हणून श्वसनावर लक्ष ठेवले की पुरे. निष्कर्ष ठाम होता, पण अपुरा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले, की क्लोरोफॉर्माची गुंगी हलकी असताना ॲड्रेनॅलीन टोचल्यास हृदयाच्या निलयांचे तंतुस्फुरण होऊन तत्काळ मृत्यू ओढवतो. भीती व धडपड यांनी शरीरात हेच ॲड्रेनॅलीन स्रवते. शुद्धिहरणाच्या आरंभी भ्यालेल्या पशूला असलेला धोका केवळ त्याच्या धसमुसळेपणाचा नसून हृदयाचा आहे, हे यावरून उघड झाले. पशूला आधी शांत करणे ही दयाबुद्धीची गोष्ट मानली जाई. तिला शरीरक्रियाविज्ञानाचा आधार मिळाला तो असा.

फ्रेडरिक हॉब्डे यांचा पशूंच्या शुद्धिहरणावरील ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये ठराविक शस्त्रक्रियांसाठी पशूंना शुद्धिहारक देणे कायद्याने बंधनकारक झाले. १९५० नंतर क्लोरप्रोमॅझीन व ॲसिप्रोमॅझीन यांसारखी शामके हाती आली. १९६२ मध्ये जर्मनीत तयार झालेले झायलॅझीन मूळचे रक्तदाब कमी करण्यासाठी होते. पशूंवरील त्याचा शामक गुण नंतर ध्यानात आला. गायीबैलांना त्याची मात्रा घोड्याच्या सु. एक-दशांश पुरते. घोड्याच्या हिशेबाने गायीला हे औषध देणे घातक ठरते.

उपाशी ठेवण्याच्या बाबतीतही जातिभेद महत्त्वाचा आहे. १९४६ मध्ये कर्टिस मेंडेलसन यांनी सशांच्या श्वासनालात जठरातील आम्लयुक्त द्रव सोडून फुप्फुसांना होणारी इजा दाखविली. कुत्रा व मांजर यांना उलटी होते, म्हणून त्यांचे पोट रिकामे हवे. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याला उपाशी ठेवण्याचा हेतू भरलेल्या पोटाचा फुप्फुसांवरील दाब कमी करणे हा असतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांची रोमंथिका दीर्घ उपासानेही पूर्ण रिकामी होत नाही. आडवे पाडल्यावर तीत वायू साठून पोट फुगते व द्रव घशात येतो. म्हणून श्वासनालात नळी घालणे येथे विशेष जरूर ठरते. ससाही उलटी करू शकत नाही; त्याला फार वेळ उपाशी ठेवल्यास आतड्याची हालचाल मंदावून अपायच होतो.

प्रकृतीनुसार रुग्णांची वर्गवारी करण्याची पद्धत १९४१ मध्ये अमेरिकेतील मानवी शुद्धिहरणतज्ञांनी सुचविली. तीच पुढे पाच वर्गांच्या स्वरूपात पशुवैद्यकात रूढ झाली. पहिल्या वर्गात निरोगी पशू, तर पाचव्यात मरणासन्न पशू येतो. हृदय व फुप्फुसे कान लावून ऐकणे, हिरड्यांचा रंग पाहणे, कातडीची चिमटी घेऊन निर्जलीभवन ओळखणे, वजन करणे या साध्या परीक्षांवरच हा निर्णय बराचसा अवलंबून असतो. रक्त, वृक्क व यकृत यांच्या चाचण्या गरजेप्रमाणे केल्या जातात. ही वर्गवारी कागदी नाही, हे ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीने (२००८) दाखवून दिले. तीत शुद्धिहरणाशी निगडित मृत्यूचे प्रमाण निरोगी कुत्र्यांत ०·०५ टक्के, तर आजारी कुत्र्यांत १·३३ टक्के आढळले. सशांत एकूण प्रमाण १·३९ टक्के होते. घोड्यांच्या ४१,८२४ शुद्धिहरणांच्या पाहणीत (२००२) सात दिवसांत १·९ टक्के घोडे दगावले. पोटशूळाचे रुग्ण वगळता हे प्रमाण ०·९ टक्के होते. पूर्वऔषध म्हणून ॲसिप्रोमॅझीन दिलेल्या घोड्यांत धोका कमी आढळला.

या घोड्यांपैकी पुष्कळ शस्त्रक्रियेच्या मेजावर नव्हे, तर शुद्धीवर येऊन उठण्याच्या धडपडीत हाड मोडल्याने गमावले गेले. कुत्रे व मांजर यांतही सु. निम्मे किंवा अधिक मृत्यू शस्त्रक्रियेनंतर, बहुतांशी पहिल्या तीन तासांत, घडल्याचे आढळले. त्यामुळे भिंतींना गादी लावलेली खोली, ऊब आणि जाग येईपर्यंत जवळ बसणारा माणूस यांची व्यवस्था औषध टोचण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.