खाडाखोडीचा मान

अक्षर नीट काढा, पण त्यात फार पारंगत होऊ नका. सहाव्या शतकात यान झीत्वेइ या चिनी विद्वानानं वंशजांसाठी उपदेशाचं जे पुस्तक लिहिलं, त्यात असा एक अजब सल्ला आहे. कारण अगदी व्यवहारी होतं. ज्याचं अक्षर चांगलं, त्याला जो तो आपल्या कामाला जुंपतो. दाखला म्हणून त्यानं तिसऱ्या शतकातल्या वेइ तानचं नाव घेतलं. वेइ राज्याच्या बादशहानं उंच मनोरा बांधला आणि नावाची पाटी कोरीच वर ठोकली गेली. मग वेइ तानला टोपलीत बसवून दोरानं वर चढवलं. अक्षरं रंगवून तो खाली उतरला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते, असं सांगतात. घरी पोचताच त्यानं मुलाबाळांना ताकीद दिली की या विद्येच्या नादी लागू नका.

यान घराण्यानं पूर्वजाचा बाकीचा उपदेश पुष्कळसा पाळला, हा मात्र पाळला नाही. त्याच्या पाचव्या पिढीत, इसवी सन ७०९ मध्ये, यान झेनचिंग जन्माला आला. चिनी सुलेखनात वांग शीझ्हीच्या खालोखाल याचंच नाव घेतलं जातं, आणि काहींच्या मते खालोखालही नव्हे, बरोबरीनं.

घर विद्वानांचं, पण पैशाची बाजू लंगडी. वडील लहानपणीच वारले. कागद-कुंचला परवडत नसल्यानं पिवळ्या मातीच्या पाण्यानं भिंतीवर अक्षरं गिरवल्याची गोष्ट चिनी मुलांना झेनचिंगच्या नावानं सांगतात. गोष्ट खरी आहे, माणूस चुकला आहे. झेनचिंगनं स्वतः लिहून दगडावर कोरवलेल्या घराण्याच्या स्मारकात ती त्याच्या वडिलांची आणि काकांची म्हणून नोंदलेली आहे. ते दोघं पोरके होऊन मामाकडे वाढले आणि कुंचला धरायला मामानंच शिकवलं. म्हणजे पूर्वजाच्या ताकिदीला पहिला सुरुंग आजोळानं लावला.

थांग राजवटीत सुंदर अक्षर ही निव्वळ हौस नव्हती. परीक्षा उतरलेल्या उमेदवाराला नेमणूक देताना चार गोष्टी तपासत: रूप, वाणी, हस्ताक्षर आणि न्यायनिवाड्याची समज. चांगलं अक्षर म्हणजे चौथ्या शतकातल्या वांग शीझ्हीसारखं अक्षर, हे बादशहा थायझोंगनं जणू ठरवूनच टाकलं होतं. वांगचं सर्वांत गाजलेलं लेखन त्यानं आपल्याबरोबर थडग्यात पुरून घेतलं, अशी आख्यायिका आहे. वांगच्या वळणात लवचीक नजाकत होती, आणि पुढची शंभर वर्षं दरबारात तीच चालली.

झेनचिंग ७३४ मध्ये परीक्षा उतरला. ७५२ मधली त्याची ‘बहुरत्न पॅगोडा’ची शिला आज शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. चाळिशी ओलांडलेल्या, नोकरीत मुरलेल्या माणसाचं ते अक्षर आहे: घट्ट, रेखीव, एकसारखं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. शिकणाऱ्याला यासारखा कित्ता नाही. पण त्याखालचं नाव झाकलं, तर त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या निष्णात कारकुनाचंही ते वाटू शकेल.

पुढच्याच वर्षी पंतप्रधानाची मर्जी खप्पा झाली आणि झेनचिंगची राजधानीबाहेर, आजच्या शानतोंगमधल्या फिंगयुआन जिल्ह्यावर रवानगी झाली. जिल्हा येत होता सेनापती आन लुशानच्या हुकमतीत. आन लुशानचं पाऊल वाकडं पडणार हे झेनचिंगनं ओळखलं. पावसानं तट ढासळलाय असं निमित्त करून त्यानं तटबंदी पक्की केली, खंदक खोदले, धान्य भरून ठेवलं. वरकरणी मात्र विद्वानांना घेऊन नौकाविहार, मद्यपान, कविता. आन लुशानच्या हेरांनी कळवलं असणार की हा पुस्तकी माणूस आहे, याची धास्ती नको. ७५५ च्या डिसेंबरात बंड उसळलं, आजूबाजूच्या हबै प्रांतातले जिल्हे पटापट बंडखोरांच्या हाती गेले आणि फिंगयुआन मात्र टिकलं. हा झेनचिंग दिसतो कसा हेही मला ठाऊक नाही आणि त्यानं असं काम करावं, असं बादशहा श्वानझोंग म्हणाल्याची नोंद इतिहासात आहे.

त्याचा चुलतभाऊ गाओचिंग पश्चिमेला छांगशानचा अधिकारी होता. दोघा भावांमध्ये निरोप नेण्याचं काम गाओचिंगचा मुलगा जीमिंग करी. त्यांनी डोंगरातली मोक्याची खिंड बंडखोरांकडून सोडवली, पण सूड लगेच आला. ७५६ च्या सुरुवातीला छांगशानला वेढा पडला. थाययुआनच्या अधिकाऱ्याजवळ फौज होती, तरी त्यानं मदत पाठवली नाही. शहर पडलं. जीमिंगचा शिरच्छेद झाला. गाओचिंगला लोयांगला नेलं; जीभ तोडेपर्यंत तो आन लुशानला शिव्या घालत होता, असं इतिहासकार लिहितात. घराण्यातली तीसहून अधिक माणसं मारली गेली.

दोन वर्षांनी, ७५८ मध्ये, गाओचिंगचा थोरला मुलगा चुआनमिंग आप्तांचे अवशेष शोधत फिरला. जीमिंगचं फक्त मस्तक हाती लागलं. ते पेटीत घालून तो काकाकडे घेऊन आला. आश्विनाच्या सुमारास, चिनी नवव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, झेनचिंग पुतण्याच्या श्राद्धात वाचायचा मजकूर लिहायला बसला.

त्याचा कच्चा खर्डा आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. सुमारे २८ सेंटीमीटर उंच, पाऊण मीटर लांब कागद. २३ ओळी, २३४ अक्षरं, आणि खोडलेली तीसेक वेगळी. मजकूर उजवीकडून सुरू होतो. तारीख शांतपणे लिहिली आहे, दफ्तरी कामाची सवय असलेल्या हातानं. मग स्वतःचे हुद्दे, तेही जवळपास सरळ. पण आपलं नातं लिहिताना हात अडखळतो: एक औपचारिक शब्द लिहिलाय, खोडलाय आणि कुळातल्या क्रमानं मी तेरावा काका एवढंच ठेवलंय. पुतण्या लहानपणापासून किती गुणी होता इथपर्यंत ओळी ताळ्यावर आहेत. वेढ्याची हकीगत येते तसा तोल सुटतो. मदत न देणाऱ्या अधिकाऱ्याच्या ओळीपाशी शब्द खोडले आहेत, बाजूला दुसरे घातले आहेत. बापलेकाच्या अंताशी आणि घरटं उलटून अंडी फुटल्याच्या उपमेशी अक्षरं एकाएकी मोठी होतात. शाई संपत आली तरी कुंचला दौतीकडे वळत नाही. कोरड्या केसांचे ओरखडे कागदावर फाटत जातात, आणि मग नव्यानं बुडवलेल्या शाईचा काळाभोर ठिपका. शेवटच्या ओळींत तर वेगळी अक्षरं अशी राहतच नाहीत, एकमेकांत घुसलेले फटकारे तेवढे उरतात.

साफ केलेली प्रत विधीत वाचली गेली असणार. ती आज नाही, तिची कुणाला फिकीरही नाही. मागे राहिला तो टाकून देण्याजोगा खर्डा, आणि चिनी परंपरा त्याला ‘चालत्या’ लिपीतलं जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं लेखन मानते. पहिला मान वांग शीझ्हीच्या ३५३ मधल्या प्रस्तावनेला, म्हणजे थायझोंगनं थडग्यात नेल्याचं सांगतात त्याच लेखनाला. तिची मूळ प्रत नाहीशी झालेली असल्यानं हातात धरता येणारं पहिलं हेच, असं म्हटलं तर चूक नाही.

बंड मोडलं, झेनचिंगचा स्वभाव काही बदलला नाही. ७६४ मध्ये एका मेजवानीत मातब्बर खोजा यू चाओएनला मंत्र्यांच्या वरच्या रांगेत बसवलं, म्हणून त्यानं यजमान सेनापतीला खरमरीत पत्र लिहिलं. त्याचाही खर्डाच प्रसिद्ध आहे; मूळ कागद गेला, सोंग काळात दगडावर उतरवलेली प्रत उरली. पुढच्या वर्षी तांदूळ मागणारी चिठ्ठी: घरात कित्येक महिने पेजेवर भागतंय, आता तीही संपली. एवढ्या हुद्द्याच्या माणसानं संसाराचं हे रडगाणं लपवलेलं नाही, आणि त्या चिठ्ठीचीही पुढं लोकांनी पूजा केली.

बदल्यांवर बदल्या होत राहिल्या आणि त्या वर्षांत त्याचं खरं वळण घडलं. उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक. वांगच्या शैलीत अक्षर एका खांद्यावर कललेलं असतं. इथं ते समोरासमोर, चौरस, पाय रोवून उभं असतं. तिरक्या फटकाऱ्याची सुरुवात रेशमाच्या किड्याच्या डोक्यासारखी गोल आणि शेवट पाकोळीच्या शेपटीसारखा दुभंगलेला, असं चिनी पंतोजी शिकवतात. ७७१ मध्ये हुनानमधल्या नदीकाठच्या कड्यावर थांग राज्याच्या पुनरुत्थानाची प्रशस्ती त्याच्या अक्षरात कोरली गेली. इतकी मोठी अक्षरं दुरून वाचायची म्हणजे नजाकत कामाची नाही, वजन लागतं.

हूझौला अधिकारी असताना ‘चहाचं शास्त्र’ लिहिणारा लू यू आणि कवी-भिक्षू च्याओरान त्याच्या बैठकीत होते. लू यूसाठी त्यानं ७७३ मध्ये डोंगरावर एक मंडप बांधला. त्याच लू यूनं झेनचिंग आणि मद्याच्या धुंदीत लिहिणारा भिक्षू ह्वायसू यांचा संवाद नोंदवून ठेवला आहे. कुंचल्याची रेघ कशी असावी? झेनचिंगचं उत्तर होतं, गळक्या छपराच्या ओघळासारखी. आपल्याकडे आषाढात घराच्या भिंतीवरून उतरणारं पाणी पाहिलं की हे लगेच समजतं: थेंब सरळ धावत नाही, अडतो, साठतो, आणि आपल्या वजनानं वाट काढत खाली येतो.

पंचाहत्तरीला टेकलेल्या या म्हाताऱ्याचा काटा पंतप्रधान लू चीला काढायचा होता. लू चीच्या बापाला आन लुशाननं मारलं होतं आणि लोकांना धाक बसावा म्हणून त्याचं शिर फिंगयुआनला पाठवलं होतं. ते शिर आणणाऱ्याला झेनचिंगनं मारलं, गवताचं धड करून शिराला जोडलं आणि विधिपूर्वक मूठमाती दिली. तुमच्या वडिलांच्या चेहऱ्यावरचं रक्त कपड्यानं पुसायला मन धजेना, म्हणून मी जिभेनं चाटून काढलं होतं, अशी आठवण त्यानं लू चीला करून दिली. लू चीनं वाकून नमस्कार केला आणि मनातला डूख आणखी वाढवला. ७८३ मध्ये सेनापती ली शीलिए उलटला, तेव्हा त्याची समजूत घालायला झेनचिंगलाच धाडावं असं लू चीनं सुचवलं, आणि बादशहानं मान डोलावली.

पुढचं दीड-दोन वर्षांचं बंदिवासातलं नाटक इतिहासकारांनी चवीनं लिहिलं आहे. नंग्या तलवारी घेऊन घेरणारे ली शीलिएचे मानलेले मुलगे, अंगणात खणलेला खड्डा, तेल ओतून पेटवलेली लाकडं. म्हातारा स्वतःच आगीकडे चालू लागला तेव्हा बंडखोरांनीच त्याला धरून मागे ओढलं. ली शीलिएला बादशहा व्हायचं होतं. राज्याभिषेकाचा विधी विचारला, तर झेनचिंग म्हणाला की मला मांडलिकांनी बादशहाला मुजरा करण्याचे विधी तेवढे आठवतात. अखेर त्साइझौ इथं त्याला गळा आवळून मारलं. वर्ष काही ग्रंथ ७८४ देतात, काही ७८५.

इथून झेनचिंगच्या अक्षराचं दुसरं आयुष्य सुरू होतं, आणि इथंच थोडं सावध राहायला हवं. ओयांग शिऊ, सू शी या सोंग काळातल्या मोठ्या लेखकांनी त्याला डोक्यावर घेतलं. अक्षर म्हणजे माणूस, निष्ठावंताचं अक्षर निष्ठावंत, असा त्यांचा कौल. सतराव्या शतकात सुलेखनकार फू शाननं तर मिंग राज्य बुडाल्यावर झाओ मेंगफूचं देखणं वळण टाकून दिलं, कारण झाओनं मंगोलांची चाकरी केली होती, आणि तो झेनचिंगकडे वळला. हा न्याय अक्षराला लावायचा नाही. झाओची रेघ गोड आहे ती आहेच. उलट बाजूही बोलकी आहे: दक्षिण थांगचा शेवटचा राजा ली यू याला झेनचिंगची अक्षरं हात जोडून, पाय जुळवून उभ्या राहिलेल्या खेडुतासारखी वाटली, आणि सोंग काळातला सुलेखनकार मी फू यानं त्याच्या ठाशीव लिपीला ओबडधोबड म्हणून नावं ठेवली. मी फूचा डोळा तिखट होता. सन्मानाचा मुलामा बाजूला सारून त्यानं नुसतं लेखन पाहिलं. म्हणूनच आसनांच्या भांडणाच्या पत्राची त्यानं केलेली स्तुती अधिक मोलाची.

कोणी काही म्हणो, हे अक्षर कामाचं ठरलं. सोंग काळात सिचुआनच्या छापखान्यांनी लाकडी ठशांसाठी त्याचंच वळण उचललं. रुंद, मोकळं अक्षर कोरायलाही सोपं आणि वाचायलाही. पणजोबांच्या स्मरणार्थ ७७९ मध्ये त्यानं लिहिलेली शिला जमिनीखाली गेली होती. ती १९२२ मध्ये शीआनमध्ये सापडली आणि शाळकरी मुलांचा आवडता कित्ता झाली. २०२० मध्ये शानशीत एका थडग्यात त्याच्या तिशीतलं लेखन कोरलेला दगड निघाला. २०१९ च्या जानेवारीत तैपेईनं श्राद्धाचा खर्डा तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाला उसना दिला, तेव्हा चीनच्या मुख्य भूमीवर संतापाची लाट उसळली: इतकी जीर्ण वस्तू, आणि तीही जपानला! तोक्योत मात्र तो पाहायला लोक रांगा लावून उभे होते.

शीआनला जाण्याचा योग आला तर टेराकोटा सैनिकांतून अर्धा दिवस काढून शिलालेख संग्रहालय जरूर पाहावं. ७५२ ची शिला आणि ७८० मध्ये उभारलेलं घराण्याचं स्मारक दोन्ही तिथंच आहेत, आणि एक पाहून दुसऱ्यासमोर उभं राहिलं की चिनी वाचता येत नसलं तरी अठ्ठावीस वर्षांत हात किती बदलला ते दिसतं. तैपेईला जाणाऱ्यानं आधी संग्रहालयाचं वेळापत्रक तपासावं. तो खर्डा क्वचितच आणि थोडे आठवडेच मांडतात.