बिऱ्हाडापासून घरापर्यंत

नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या मागील पिढ्यांच्या तोंडी ‘बिऱ्हाड’ आणि ‘घर’ हे शब्द कधी एकमेकांच्या जागी येत नसत. बिऱ्हाड गिरगावात किंवा दादरला. घर मात्र गावी. बिऱ्हाड करावयाचे असे, घर असावयाचे असे. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून, भाड्याची जागा सोडून मालकीची घ्यावी की काय, हा ज्ञातीतील अनेक कुटुंबांपुढील प्रश्न नीट उलगडणार नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून त्याचा पूर्वेतिहास येथे मांडीत आहोत.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून नवे रस्ते व नव्या वसाहती आखण्यात आल्या. परंतु कारकून, शिक्षक, पेढीवरचा गुमास्ता यांस त्या काळी जागा विकत घेण्याचा विचारही शिवत नसे. चाळीत दोन खोल्या, सामाईक नळ, आणि पेन्शन होताच गावाकडे प्रयाण, हाच आयुष्याचा ठरलेला आराखडा होता. शिल्लक पडे ती गावच्या घराची कौले परतण्यात जाई.

या आराखड्यास पहिला छेद एका ज्ञातीनेच दिला, हे या अंकाच्या वाचकांस विशेष वाटेल. चित्रापूर सारस्वत समाजातील रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल पतसंस्था काढली, आणि १९१५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली गेली. हिंदुस्थानातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ येथूनच मानतात. ज्ञाती आपली नसली तरी उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे. या पद्धतीत इमारत संस्थेची, सभासद हा तिचा भागीदार आणि भाडेकरूही. त्याने भाग घ्यावयाचे, दरमहा भाडे भरावयाचे, आणि त्या भाड्यातून संस्थेने कर्ज फेडावयाचे. घरमालक भाडे वाढवील, ही धास्ती नाही. आणि जागा चढ्या भावाने विकून नफा करावा, हा मोहही नाही. आज आपण भाडे आणि मालकी हे दोनच किनारे पाहतो. आपल्या आधीच्यांनी त्या दोहोंमध्ये एक पूल बांधून ठेवला होता. तो पुढे मागे का पडला, याचे कारण आमच्या मते सरळ आहे. जागेचे भाव चढू लागल्यावर नफ्यावाचून राहण्याची तयारी फार थोड्यांची उरली.

दुसरे वळण कायद्याने आणले. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४८ च्या फेब्रुवारीपासून अंमलात आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. एखाद्या खोलीस तेव्हा पंचवीस रुपये भाडे होते असे धरा. करांपोटीची वाढ सोडल्यास ते अर्धशतकाहून अधिक काळ तेवढेच राहिले. १९९९ च्या नव्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षास चार टक्के वाढीची मुभा दिली, तरी पुढील पंचवीस वर्षांत ते सत्तरीच्या आसपासच पोहोचते. इतक्या पैशांत दोन जणांचा चहाफराळही होत नाही. भाडेकरू जणू अर्धा मालक झाला. अनधिकृत पागडी घेऊन जागांची देवघेव होऊ लागली, तिलाही १९९९ च्या कायद्याने मान्यता मिळाली. पण मालकाने डागडुजीतून हात काढून घेतला, आणि स्वस्त भाड्याची खरी किंमत छपरातून ठिबकू लागली. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला तो याच कारणाने. टेकूंवर उभ्या असलेल्या चाळी आजही दक्षिण मुंबईत दिसतात.

मग गिरगावकर डोंबिवलीस, मुलुंडला, बोरिवलीस का गेला? केवळ पोपडे पडले म्हणून नव्हे. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळाला. ते न्याय्यच झाले. परंतु खंडावर चालणारे गावचे घर त्यामुळे खिळखिळे झाले, आणि पेन्शनीनंतर परतण्याची वाट बुजली. घर नाहीसे होऊ लागले, तेव्हा बिऱ्हाडालाच घर करणे भाग पडले. पुढे १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, १९७७ मध्ये एचडीएफसी ही गृहकर्जे देणारी संस्था निघाली, आणि प्रॉव्हिडंट फंड व गृहिणीचे दागिने यांच्या जोडीस बँकेचा हप्ता आला.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण तिच्याविषयी आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. सदनिकेचा करार नोंदविला म्हणजे जमीन आपली झाली, असे नव्हे. १९६३ च्या कायद्यानुसार जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याचे कर्तव्य विकासकाचे. पण ते टाळणारे इतके निघाले की २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. ते झाले नसेल, तर इमारत जीर्ण झाल्यावर पुनर्विकासाच्या वेळी सभासदाची स्थिती पागडीच्या भाडेकरूहून फारशी निराळी नसते. म्हणून जुनी सदनिका घेणाऱ्याने खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याआधी संस्थेचा हा कागद पाहावा. नवी घेणाऱ्याने २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील नोंदणी पाहावी. आणि पागडीची खोली सोडावी की पुनर्विकासाची वाट पाहावी, हा पेच ज्यांच्यापुढे आहे, त्यांतील वयस्कर मंडळींस आमचे स्पष्ट मत असे की, निव्वळ आश्वासनावर दहा वर्षे संक्रमण शिबिरात काढण्यापेक्षा उपनगरातील लहानशी, पण निर्वेध हक्काची जागा बरी. तरुणांस थांबणे परवडेल.

कागदांवरील नावांबद्दलही दोन शब्द. दागिने गृहिणीचे आणि भागपत्रावर नाव एकट्या यजमानांचे, ही जुनी रीत आपल्याकडेही चालत आली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्र शासनाने स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत ठेवली, तेव्हा कित्येक यजमानांस पत्नीच्या नावाची प्रथमच आठवण झाली, असे ऐकिवात आहे.