पडद्यावरचा फादर आणि झपाटलेली मुलगी

ऐंशीच्या दशकात भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतून व्हिडिओ सेंटरं चालत. पाळी सुटलेली माणसं तिथे सतरंजीवर दाटीवाटीने बसत, आणि सिनेमा भुताचा असला की जागा मिळत नसे. मीही त्या सतरंजीवर बसलो आहे. तेव्हापासून दोन प्रश्न मनात राहिले. भूत बहुधा बाईच्याच अंगात का शिरतं? आणि मांत्रिकाच्या जोडीने अधूनमधून दिसणारा, हाती क्रूस घेतलेला फादर आपल्या सिनेमात आला कुठून?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. १९७३ साली विल्यम फ्रीडकिनचा ‘द एक्झॉर्सिस्ट’ आला. त्याला आधार विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१च्या कादंबरीचा, आणि कादंबरीला निमित्त १९४९ साली अमेरिकेत घडलेल्या एका प्रकरणाचं. मूळ प्रकरणातला ‘झपाटलेला’ हा किशोरवयीन मुलगा होता. कादंबरीत त्याची बारा वर्षांची मुलगी झाली. पुढे आपल्याकडे ‘जादू टोना’ (१९७७) आणि ‘गहराई’ (१९८०) आले. अंगात येणं म्हणजे मुलीचा बदललेला आवाज, पलंग आणि किंचाळ्या, हे चित्र त्या काळात पक्कं झालं. पहिल्या प्रश्नाचंही थोडं उत्तर इथेच मिळतं.

पण ‘एक्झॉर्सिस्ट’मधली एक गोष्ट नकलांतून गळाली. त्या सिनेमाचा मोठा भाग दवाखान्यात घडतो. तपासण्या होतात, मानसोपचारतज्ज्ञ येतात. फादर कॅरस स्वतः मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला आहे आणि सुरुवातीला त्याचा भुतावर विश्वास बसत नाही. हा केवळ पटकथेचा भाग नाही, कॅथलिक चर्चचा नियमच तसा आहे. १६१४ साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात रोमन विधिग्रंथ निघाला. भूत काढण्याच्या विधीपूर्वी त्यात पुरोहिताला बजावलं आहे, की बाधा झाली असं सहजासहजी मानू नये. आजार आणि बाधा यांतला फरक ओळखावा. १९८३च्या धर्मसंहितेतील ११७२वा नियम सांगतो, की बिशपची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय हा विधी कुणीही करू नये, आणि परवानगीही विद्वान, विवेकी, सचोटीच्या पुरोहितालाच द्यावी. मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या रुग्णांची यादी आहे. तिच्यात भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे मोजले आहेत.

याचा अर्थ चर्च निर्दोष होतं, असा नाही. आमच्या अंजूरफाट्यावरून कामण-चिंचोटीच्या रस्त्याने गेलं की वसई लागते. १५३४ ते १७३९ तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. तो उठवणाऱ्या चिमाजीअप्पांच्या मोहिमेत भिवंडी तालुक्यातल्या अंजूरच्या गंगाजी नाइकांचा मोठा वाटा. त्या अंमलात मिशनऱ्यांच्या लेखी ‘भूत’ या शब्दात गावदेवही बसत होते. गोव्यातला ‘देवचार’ हा शब्द याची साक्ष देतो. हिंदू गावकऱ्याला देवचार म्हणजे वेशीवरचा राखणदार, रात्री-अपरात्री वाट दाखवणारा. ख्रिस्ती कोकणीत तोच शब्द सैतानाला लावला गेला. एकाचा रक्षक दुसऱ्याचा सैतान झाला. विधिग्रंथातली शंका माणसाच्या बाबतीत होती, परक्याच्या देवाच्या बाबतीत नव्हती.

आपल्या सिनेमाने याची परतफेड केली म्हणायची. विक्रम भट्टच्या ‘१९२०’मध्ये (२००८) फादरचे प्रयत्न फसतात आणि अखेर हनुमान चालिसा उपयोगी पडते. पडद्यावर भुताची बाधा हा कुणाचा धर्म अधिक बलवान, याचा आखाडा होतो. ज्या बाईच्या अंगात हे सगळं चाललं आहे, तिचं काय झालं, हे विचारायला कुणी थांबत नाही. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा ‘गहराई’ मला म्हणूनच वेगळा वाटतो. तिथे बाप वडिलोपार्जित जमीन विकतो आणि मुलीच्या तोंडून बापाचं जुनं पाप बाहेर येतं. त्या बापाची भूमिका डॉ. श्रीराम लागू या पक्क्या विवेकवाद्याने केली, हेही विसरू नये.

शंका सुटली की काय होतं, याचा दाखला जर्मनीत आहे. आनेलीझे मिशेल ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी. फेफऱ्याचा आजार, पुढे मनाचा आजार. वुर्झबुर्गच्या बिशपांनी परवानगी दिली आणि सदुसष्ट वेळा विधी झाला. १ जुलै १९७६ रोजी ती उपासमारीने गेली, तेव्हा तिचं वजन तीस किलोच्या आसपास होतं. १९७८ साली न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन पुरोहितांना निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी ठरवलं. परवानगी होती, विधी शास्त्रानुसार होता. फक्त डॉक्टर बाजूला पडला होता. २००५ साली ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ने ही गोष्ट अमेरिकेत नेली आणि प्रेक्षकाची सहानुभूती फादरकडे वळवली.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं यांबद्दल आहे. कुणाच्या प्रार्थनेला हा कायदा आडवा येत नाही, छळाला येतो.

१६१४चा विधिग्रंथ श्रद्धेतून आला आणि २०१३चा कायदा विवेकवादी चळवळीतून. तरी दोघांच्या दाराशी एकच विचार उभा आहे: समोर बसलेलं माणूस आधी आजारी समजा. भयपटात हा विचार अर्ध्या तासात हरतो, कारण तो हरला नाही तर सिनेमा पुढे सरकत नाही. सतरंजीवर बसलेल्या आम्हाला ते कळत नव्हतं. डॉक्टर हरतात, एवढंच आम्ही घरी घेऊन जात होतो. त्याची किंमत कुठल्या घरातल्या कुठल्या मुलीने मोजली असेल, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.