टीपॉय, तिवई आणि ट्रायपॉस

ठाण्याला घोडबंदर रोडवर राहणारी माझी भाची गेल्या रविवारी डोंबिवलीला आली, ती केंब्रिजच्या समर प्रोग्रॅमचं माहितीपत्रक घेऊनच. दोन आठवडे तिथल्या कॉलेजच्या खोलीत राहायचं, गणिताचे वर्ग करायचे. पत्रक टीपॉयवर पसरून तिने विचारलं, "मावशी, ट्रायपॉस म्हणजे काय गं?"

"तू कोपर टेकलंयस ना, त्याचाच भाऊ," मी म्हटलं.

टीपॉयमधला ‘टी’ चहाचा, असं बहुतेकांना वाटतं. पण मूळ शब्द हिंदी तिपाई, तीन पायांची. साहेबांनी तो उचलला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये चहा शिरला आणि शब्द साहेबी होऊन आपल्याच दिवाणखान्यात परतला. आता त्याला चार पाय असले तरी कुणाला खटकत नाही. मराठीतला घरचा शब्द तिवई. माझी आई माठ ठेवायची ती लोखंडी तिवईवर. चार पायांचं स्टूल उंचसखल जमिनीवर डुगडुगतं, तिवईचे तिन्ही पाय मात्र टेकतातच. सारवलेल्या घरात तिचा भरवसा वाटायचा तो यामुळे.

ट्रायपॉसही तिवईच. त्यातले ‘ट्राय’ आणि ‘पॉस’ ग्रीक-लॅटिनमधून आलेले, आपल्या ‘त्रि’ आणि ‘पाद’ यांचे सख्खे नातलग. केंब्रिजला पूर्वी पदवीसाठी तोंडी वाद करावा लागे. तेव्हा एक जुना पदवीधर तीन पायांच्या स्टुलावर बसून नव्या उमेदवारांशी वाद घालायचा. लोक त्यालाच ‘मिस्टर ट्रायपॉस’ म्हणू लागले. पुढे त्या प्रसंगी वाटल्या जाणाऱ्या विनोदी पद्यांना ते नाव मिळालं, मग त्या कागदामागे छापल्या जाणाऱ्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीला आणि शेवटी परीक्षेलाच. बसायच्या स्टुलाचं नाव परीक्षेपर्यंत कसं सरकत गेलं, हे मला फार विलक्षण वाटतं. आपल्या ‘विद्यापीठा’तलं पीठ म्हणजेही आसनच की!

त्याच वादातून आलेला दुसरा शब्द तर मराठीने आपलाच केला. ‘रँग्लर’ म्हणजे वाद घालणारा, हुज्जत घालणारा. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली, आणखी एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने, सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्राने ही पदवी नावाआधी अशी बसवली की ‘रँग्लर परांजपे’ हेच त्यांचं नाव झालं. पुढे रँग्लर महाजनीही झाले. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमांक जाहीर करणं थांबवलं, पण शब्द राहिला. आपल्या न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे भेद आहेत. खरं काय ते शोधायला करायचा तो वाद. रोजच्या मराठीत मात्र ‘वाद घालू नकोस’ एवढंच मुलांच्या कानावर पडतं, याचं मला वाईट वाटतं.

पत्रकात तारखा जुलैच्या होत्या. उन्हाळा म्हणजे उष्णकाळ. तिथला ‘समर’ मात्र आपल्या आषाढ-श्रावणात, डोंबिवलीत छत्र्या वाळत असताना येतो. तिथली टर्म जूनमध्ये संपते, मुलं घरी जातात आणि मोकळ्या खोल्या भाड्याने घेऊन बाहेरच्या संस्थाही असे वर्ग भरवतात. म्हणून बहिणीला सांगितलं, कॉलेजचं नाव बघून भुलू नका, शिकवणार कोण ते विचारा. भाचीला पाठवावं, असं मात्र मला मनापासून वाटतं. गणिताच्या वर्गात हात वर करून ‘मला हे पटत नाही’ म्हणणारी पोरगी आहे ती.

आईची तिवई आता आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. निघताना भाची तिथे वाकली, गंजलेल्या पायांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मावशी, मला हिचा फोटो काढून दे ना."